ग्रंथालयाचें कार्ड आणि घरबसल्या संशोधन

ज्ञानाचीं साधनें वाढलीं म्हणजे ज्ञान वाढतेंच, असा एक भोळा समज आपल्या समाजांत रूढ झाला आहे. आज घरोघरीं मुठींत मावणारें यंत्र आलें आहे, आणि त्यांत दोन शब्द लिहिले कीं क्षणार्धांत हजारों पानें समोर उभीं राहतात. परंतु त्या पानांत विचारपूर्वक लिहिलेलें, जाणत्यांनीं पारखलेलें आणि पुराव्यानिशीं मांडलेलें असें किती, हा प्रश्न फार थोडे लोक विचारतात. जें उत्तम असतें तें बहुधा कुलपांत असतें. एखाद्या विषयावर चांगला निबंध सांपडला म्हणून आनंदानें तो उघडावयास जावें, तों पहिल्या परिच्छेदाखालीं ‘तीस किंवा चाळीस डॉलर भरा’ अशी सूचना दिसते, आणि वाचक निराश होऊन पुन्हां त्या फुकटच्या पानांकडे वळतो.

आमचें सांगणें एवढेंच आहे कीं, अशा पुष्कळ निबंधांचें मोल वाचकाच्या वतीनें अगोदरच कोणीतरी भरलेलें असतें. तें त्याच्या गांवच्या सार्वजनिक ग्रंथालयानें लोकांच्या करांतून भरलेलें असतें. वाचकाला तें ठाऊक नसतें, म्हणून तो एकतर पुन्हां पैसे मोजतो किंवा अज्ञानांतच राहतो. ‘काखेंत कळसा आणि गांवाला वळसा’ या म्हणीचें याहून चांगलें उदाहरण आमच्या तरी पाहण्यांत नाहीं.

ही व्यवस्था अमेरिकेंत विशेष रुजली आहे, म्हणून या लेखांत मुख्यतः त्याच देशाची माहिती देण्याचें योजिलें आहे. आपल्या वाचकांपैकीं अनेकांचे मुलगे, मुली, सुना आणि जांवई त्या देशांत नांदत आहेत. आजीआजोबाहि सहा सहा महिने तेथें राहून येतात. तेव्हां ही माहिती आपल्या कुटुंबांना परकी वाटूं नये. इकडे राहणाऱ्यांना काय करतां येईल, तेंहि शेवटीं सांगूं.

संशोधनसंग्रह म्हणजे काय?

इंग्रजींत ज्याला डेटाबेस म्हणतात त्याला आम्ही या लेखांत ‘संशोधनसंग्रह’ असें म्हणणार आहों. नियतकालिकांचे जुने-नवे अंक, वर्तमानपत्रांच्या फायली, ज्ञानकोश, चरित्रकोश, न्यायालयांचे निवाडे, जनगणनेचे कागद, यांपैकीं एखाद्या प्रकारचें साहित्य एकत्र करून, त्यांतील प्रत्येक लेखाची नोंद घालून, हवें तें शोधतां येईल अशा रीतीनें संगणकावर लावून ठेविलेलें असतें. त्या सांठ्याला हें नांव. ही कल्पना आपल्या परंपरेला नवी नाहीं. ऋग्वेदांतील प्रत्येक सूक्ताचा ऋषि कोण, देवता कोणती आणि छंद कोणता हें सांगणारी कात्यायनाची सर्वानुक्रमणी ही अशाच नोंदींची मांडणी होय. आजच्या संग्रहांत ऋषीच्या जागीं लेखकाचें नांव, देवतेच्या जागीं विषय, आणि छंदाच्या जागीं लेखाचा प्रकार व प्रसिद्धीचें वर्ष असतें, इतकेंच. अनुक्रमणी जाणणाऱ्याला सूक्त लगेच सांपडतें. न जाणणारा दहा मंडलें चाळीत बसतो.

या संग्रहांपैकीं विद्वानांच्या विशेष परिचयाचा म्हणजे जेस्टोर. त्याची जन्मकथा बोधप्रद आहे. प्रिन्स्टन विद्यापीठाचे माजी अध्यक्ष विल्यम बोवेन हे डेनिसन नांवाच्या एका लहान शिक्षणसंस्थेचे विश्वस्त होते. नियतकालिकांच्या बांधीव खंडांनीं तेथील ग्रंथालय भरून गेलें, आणि इमारत वाढवावी काय असा प्रश्न विश्वस्तांपुढें आला. एकच नियतकालिक देशांतील शेंकडों ग्रंथालयांनीं शेंकडों कपाटांत जपावें, त्यापेक्षां त्याच्या पानांचीं छायाचित्रें एकदांच घेऊन तीं सर्वांना संगणकावर कां देऊं नयेत, असा विचार बोवेन यांनीं मांडला. १९९५ सालीं ही संस्था स्थापन झाली. आरंभीं तिच्यापाशीं अर्थशास्त्र व इतिहास या दोन विषयांचीं मूठभर नियतकालिकें होतीं. आज हजारों आहेत. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन संस्थेचें ‘ॲनल्स’ आणि मुंबईचें ‘इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली’ हींहि त्यांत आहेत. म्हणजे पुण्यास छापलेला महाभारतावरील निबंध बोस्टनमध्यें बसलेल्या नातीला मध्यरात्रींहि वाचतां येतो.

जेस्टोर ही नफा न घेणारी संस्था आहे. ईबस्को, प्रोक्वेस्ट, गेल यांचे संग्रह मात्र व्यापारी तत्त्वावर चालतात. त्यांची वर्गणी गृहस्थाच्या आवांक्यांतली नसते, आणि त्यांतील बहुतेक संग्रह एकट्यादुकट्या वाचकासाठीं काढलेलेच नसतात. त्यांचें गिऱ्हाईक म्हणजे ग्रंथालय. म्हणूनच ग्रंथालयाच्या मार्गानें जाणें हाच येथें राजमार्ग होय.

हें फुकट कसें मिळतें?

फुकट असें जगांत कांहींच नसतें. कोणीतरी तें भरीत असतो. १८४८ सालीं मॅसॅच्युसेट्सच्या विधिमंडळानें बोस्टन शहराला लोकांच्या पैशानें सार्वजनिक ग्रंथालय चालविण्याची अनुज्ञा दिली, आणि १८५४ सालीं तें ग्रंथालय लोकांस खुलें झालें. शाळेप्रमाणेंच ग्रंथालय हेंहि नगराचें कर्तव्य आहे, हें तत्त्व तेथून रूढ होत गेलें. पुढें अँड्र्यू कार्नेगी या पोलादाच्या कारखानदारानें त्या देशांत १,६७९ ग्रंथालयांच्या इमारती बांधून दिल्या. हा एका विणकराचा मुलगा. लहानपणीं कर्नल अँडरसन नांवाच्या गृहस्थानें आपलीं खाजगी पुस्तकें कामकरी मुलांसाठीं खुलीं केलीं होतीं, आणि त्यांवर कार्नेगीचें शिक्षण झालें. परंतु इमारत देतांना त्याची अट असे कीं, जागा गांवानें द्यावी आणि देणगीच्या एकदशांश इतकी रक्कम दरवर्षीं करांतून ग्रंथालयाच्या खर्चासाठीं ठेवावी. दानावर इमारत उभी राहते. ग्रंथालय चालतें तें कर्तव्यबुद्धीवर, हें त्या व्यवहारी माणसाला पुरतेपणीं कळलें होतें.

आज त्या करांतून केवळ पुस्तकेंच विकत घेतलीं जातात असें नाहीं. संशोधनसंग्रहांच्या वर्गण्याहि भरल्या जातात. ही व्यवस्था तीन पायऱ्यांची आहे. पहिली पायरी गांवचें किंवा कौंटीचें ग्रंथालय. दुसरी पायरी आसपासच्या ग्रंथालयांचा संघ. एकट्यास न परवडणारी वर्गणी दहाजण मिळून भरतात. तिसरी पायरी राज्याची. जॉर्जिया राज्याची ‘गॅलिलिओ’ ही योजना १९९५ सालची आहे. इंडियानाची ‘इन्स्पायर’, विस्कॉन्सिनची ‘बॅजरलिंक’, मिशिगनची ‘मिशिगन ई-लायब्ररी’, टेक्ससची ‘टेक्सशेअर’ हीं त्याच प्रकारचीं उदाहरणें. यांपैकीं कांहीं राज्यांत तर तुम्ही त्या राज्यांतून संगणक लावला आहे एवढें ओळखूनच दार उघडलें जातें. कार्डाचीहि गरज बहुधा पडत नाहीं.

मोठ्या शहरांचीं ग्रंथालयें याहून उदार आहेत. न्यूयॉर्क पब्लिक लायब्ररीचें कार्ड केवळ न्यूयॉर्क शहरांत राहणाऱ्यासच नव्हे, तर त्या राज्यांत कोठेंहि राहणाऱ्यास, नोकरी करणाऱ्यास किंवा शिकणाऱ्यास विनामूल्य मिळतें. बोस्टन पब्लिक लायब्ररीचें ई-कार्ड मॅसॅच्युसेट्स राज्यांतील सर्व रहिवाशांना मिळतें. म्हणून आडगांवीं राहणाऱ्यानें आपल्या गांवच्या लहानशा ग्रंथालयाकडे पाहून खट्टू होऊं नये. आपल्या राज्यांतील सर्वांत मोठें ग्रंथालय आपल्याला काय देतें, हें अवश्य पाहावें.

बडोद्याचें स्मरण

या अमेरिकन पद्धतीशीं मराठी माणसाचा संबंध आजचा नाहीं, हें येथें सांगितलें पाहिजे. श्रीमंत सयाजीराव गायकवाड महाराज १९०६ सालीं अमेरिकेस गेले असतां तेथील सार्वजनिक ग्रंथालयें पाहून प्रभावित झाले. आपल्या राज्यांत सक्तीचें व मोफत प्राथमिक शिक्षण सुरू करणाऱ्या या राजाला एक गोष्ट स्पष्ट दिसली कीं, शाळेंत अक्षरओळख झालेल्या मुलाच्या हातीं पुढें पुस्तक पडलें नाहीं तर तो तीं अक्षरेंहि विसरून जाईल. म्हणून १९१० सालीं त्यांनीं विल्यम ॲलन्सन बोर्डन या अमेरिकन ग्रंथपालास बडोद्यास आणविलें. बोर्डन यांनीं मध्यवर्ति ग्रंथालय उभारलें, ग्रंथपालांसाठीं वर्ग चालविले, आणि गांवोगांवीं लहान ग्रंथालयें व पुस्तकांच्या फिरत्या पेट्या पोंचविण्याची योजना आखली. १९१२ सालीं बडोद्याहून निघालेल्या ‘लायब्ररी मिसेलनी’ या नियतकालिकांत इंग्रजीबरोबर मराठी व गुजराथी मजकूरहि असे.

आज संशोधनसंग्रहांत जें घडत आहे तें त्या फिरत्या पेटीचेंच पुढचें रूप होय. तेव्हां पेटी गांवीं येत असे. आतां ती घरांत येते. फरक एवढाच कीं, पेटी आली म्हणजे चावडीवर सर्वांना दिसे. ही नवी पेटी दिसत नाहीं, ती मागून घ्यावी लागते.

कोणाला याची खरी गरज आहे?

कोणी म्हणेल, विद्यार्थ्यांना विद्यापीठाचें ग्रंथालय असतें, प्राध्यापकांनाहि असतें. मग आमच्यासारख्या गृहस्थांना हें कशाला? आमचें उत्तर असें कीं, ज्यांना विद्यापीठ आहे त्यांना हें सांगावयाचें कारणच नाहीं. गरज आहे ती ज्यांच्यामागें कोणतीच संस्था नाहीं त्यांना.

आपल्या घरांतील सुनांचेंच पाहा. एम्. ए. किंवा एम्. एस्‌सी. झालेली मुलगी लग्न होऊन नवऱ्याबरोबर परदेशीं जाते, आणि तेथील परवान्याच्या नियमांमुळें तिला नोकरी करतां येत नाहीं. २०१५ पासून अशा स्त्रियांपैकीं कांहींना कामाची मुभा मिळूं लागली, परंतु सर्वांना नाहीं. चारपांच वर्षें, कधीं त्याहूनहि अधिक काळ, तिचें शिक्षण गंजत पडतें. पत्रांतून व दूरध्वनीवरून ती ‘सगळें छान आहे’ असें सांगते; परंतु ज्या विषयांत तिनें पदक मिळविलें त्या विषयाचें एक नवें पान तिच्या वाचनांत येत नाहीं. तिला आपण काय देऊं शकतों? दागिना देऊं शकतों, डबाभर लाडू देऊं शकतों. पण ग्रंथालयाचें कार्ड काढ, हें सांगणें त्याहून मोलाचें आहे. सामान्यतः तें कार्ड राहत्या पत्त्यावर मिळतें. नागरिकत्व किंवा नोकरी विचारली जात नाहीं. त्या कार्डावर तिला आपल्या विषयाचीं नियतकालिकें चाळतां येतात, परीक्षांची तयारी करतां येते, नवीन भाषा शिकतां येते. पुढें नोकरीची मुभा मिळाली तर ती मागें पडलेली नसते, आणि न मिळाली तरी तिच्या बुद्धीला उपवास घडत नाहीं.

दुसरी गरज वृद्धांची. मुलाकडे गेलेले आजोबा दिवसभर एकटे असतात. मुलगा व सून कामावर, नातवंडें शाळेंत, बाहेर बर्फ. ज्यांनीं आयुष्यभर इतिहास किंवा संस्कृत शिकविलें त्यांनीं खिडकीशीं बसून संध्याकाळची वाट पाहावी, हें आम्हांला बरें वाटत नाहीं. मुलाच्या पत्त्यावर राहत असल्याचा कांहीं पुरावा मागितला जातो, आणि तो कोणता याचे नियम ठिकठिकाणीं निराळे असतात; म्हणून एक दिवस मुलाबरोबर स्वतः ग्रंथालयांत जाऊन विचारणें हेंच उत्तम. अनुभव असा आहे कीं, सार्वजनिक ग्रंथालयांतील सेवक नवख्या माणसाला मदत करण्यांत कमीपणा मानीत नाहींत.

तिसरी गरज सर्वांचीच, आणि ती आजारपणाची. घरांत कोणाला मधुमेह निघाला, कोणाच्या गुडघ्याची शस्त्रक्रिया ठरली, कीं नातेवाईक चोहोंकडून संदेश पाठवूं लागतात: अमुक पाला खा, तमुक औषध सोडा. असल्या वेळीं खऱ्याखोट्याची पारख करण्याचें साधन हातीं असणें ही चैन नव्हे. याविषयीं अधिक पुढें सांगतों.

वाट कशी शोधावी?

प्रथम आपल्या पत्त्यावरून आपलें ग्रंथालय कोणतें तें निश्चित करावें आणि कार्ड काढावें. कार्डावर एक लांबलचक क्रमांक असतो व त्याबरोबर पिन म्हणून एक गुप्त आंकडा मिळतो. हीं दोन्ही जपून लिहून ठेवावींत. पुष्कळांचा शोध येथेंच संपतो, कारण ते या कार्डावर कादंबऱ्या आणतात आणि मुलांना चित्रपट आणून देतात. त्याच कार्डानें दुसरें दार उघडतें हें त्यांच्या ध्यानीं येत नाहीं.

दुसरी गोष्ट. ग्रंथालयाच्या संकेतस्थळावर अगदीं वर जो शोधाचा रकाना असतो तो बहुधा पुस्तकांच्या यादीचा असतो. त्यांत विषय घातला तर पुस्तकें सांपडतील, निबंध सांपडतीलच असें नाहीं. ‘रिसर्च’, ‘डेटाबेसेस’, ‘ऑनलाइन रिसोर्सेस’ किंवा ‘ए टु झेड’ अशा नांवाचा दुवा शोधावा. तेथें सर्व संशोधनसंग्रहांची वर्णानुक्रमानें आणि विषयवार यादी असते. नवख्यानें विषयवार यादीच उघडावी. कारण संग्रहांच्या नांवांवरून आंत काय आहे याचा बोध सहसा होत नाहीं.

तिसरी गोष्ट. प्रत्येक नांवाखालीं दोन ओळींची टीप असते, ती वाचल्याशिवाय पुढें जाऊं नये. कोणता संग्रह घरून वाचतां येतो आणि कोणता फक्त ग्रंथालयाच्या इमारतींत, हें तेथें सांगितलेलें असतें. वंशावळींचा शोध घेणारा ‘ॲन्सेस्ट्री’चा ग्रंथालयीन संग्रह सामान्यतः इमारतींत बसूनच पाहावा लागतो.

चौथी गोष्ट सर्वांत महत्त्वाची. आंत शिरावयाचें तें ग्रंथालयाच्या पानावरूनच. प्रकाशकाच्या संकेतस्थळावर परस्पर गेलें तर तो तुम्हांला ओळखीत नाहीं आणि पैसे मागतो. ग्रंथालयाच्या दुव्यावरून गेलें म्हणजे कार्डाचा क्रमांक विचारला जातो आणि तोच निबंध विनामूल्य उघडतो. वस्तु एकच, दार निराळें. वाड्याच्या दिंडीदरवाजानें घरच्या माणसाला जातां येत असतां त्यानें महाद्वारापाशीं जकात भरीत उभें राहण्याचें कारण काय?

पांचवी गोष्ट. गांवच्या ग्रंथालयांत न मिळालें तर संघाची यादी पाहावी, मग राज्याच्या ग्रंथालयाची. तेथेंहि नसेल तर ग्रंथपालास विचारावें. दुसऱ्या ग्रंथालयाकडून निबंधाची प्रत मागविण्याची सोय पुष्कळ ठिकाणीं असते. संकोच करूं नये. ग्रंथपालास प्रश्न विचारणें म्हणजे त्याला त्रास देणें नव्हे. त्यासाठींच तो तेथें बसलेला असतो.

शोधण्याची कला

दार उघडलें तरी आंत काय मागावें हें कळलें पाहिजे. सबंध प्रश्न लिहूं नये; दोनतीन नेमके शब्द घालावेत. एकत्र हवे असलेले शब्द अवतरणचिन्हांत घालावेत. संपूर्ण मजकूर हवा असेल तर ‘फुल टेक्स्ट’ या चौकोनांत खूण करावी, आणि विद्वानांनीं तपासलेलेच निबंध हवे असतील तर ‘पिअर रिव्ह्यूड’ या चौकोनांत. एवढ्यानें निम्मा पसारा आवरतो.

आपल्याकडील विषय शोधतांना एक अडचण हटकून येते, ती नांवांच्या इंग्रजी स्पेलिंगची. जुन्या लेखांत पुणें हें ‘पूना’ असतें, मुंबई ‘बॉम्बे’, वडोदरा ‘बरोडा’. गायकवाड हें आडनांव तर तीनचार प्रकारें लिहिलेलें आढळतें. संस्कृत शब्दांचें याहून कठीण. ‘कृष्ण’ हा शब्द कोणी सरळ अक्षरांनीं लिहितो, कोणी अक्षरांखालीं टिंबें देऊन. म्हणून एका रूपानें कांहीं हातीं लागलें नाहीं तर ‘या विषयावर कोणीं लिहिलेंच नाहीं’ असा निष्कर्ष काढूं नये. दुसरें रूप घालून पाहावें. चांगला निबंध सांपडला कीं त्याच्या शेवटची संदर्भयादी वाचावी. एका निबंधावरून दहांचा माग लागतो. आपले शास्त्री मूळावरून टीकेकडे आणि टीकेवरून उपटीकेकडे जात असत, त्यांतलाच हा प्रकार.

ज्यांना कार्डाचीहि गरज नाहीं

आतां भारतांत राहणाऱ्या वाचकांकडे वळूं. कांहीं संग्रह सर्व जगाला खुले आहेत, आणि ते इकडच्या घरांतूनहि वाचतां येतात.

आजारपणासाठीं अमेरिकेच्या राष्ट्रीय वैद्यक ग्रंथालयाचे दोन संग्रह मुद्दाम लक्षांत ठेवण्यासारखे आहेत. ‘मेडलाइनप्लस’ हा सामान्य माणसासाठीं सोप्या भाषेंत लिहिलेला आहे. रोगाचीं लक्षणें, औषधांचे गुण व अपाय, तपासण्यांचे अर्थ त्यांत मिळतात. ‘पबमेड’ हा वैद्यांसाठीं आहे. त्यांत साडेतीन कोटींहून अधिक नोंदी आहेत आणि १९९७ पासून तो सर्वांस विनामूल्य खुला आहे. मात्र येथें एक इशारा दिला पाहिजे. एका निबंधांत अमुक गुण आला म्हणून तो आपल्या रुग्णालाहि येईल असें नव्हे, आणि निबंध वाचून डॉक्टरांचें औषध परस्पर बंद करणें हा तर अविचारच. या वाचनाचा उपयोग डॉक्टरांना नेमके प्रश्न विचारण्यासाठीं करावा.

जेस्टोरवर आपलें नांव नोंदविणाऱ्या कोणाहि वाचकाला महिन्यास शंभर निबंध पडद्यावर विनामूल्य वाचतां येतात. संस्कृताच्या अभ्यासकांसाठीं जर्मनींतील कोलोन विद्यापीठानें मोनिअर-विल्यम्स, आपटे इत्यादींचे कोश संगणकावर ठेविले आहेत. मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश आणि दाते यांचा महाराष्ट्र शब्दकोश शिकागो विद्यापीठाच्या संग्रहांत शोधतां येतात. आपल्या देशांत, खरगपूरच्या आय. आय. टी.नें चालविलेलें राष्ट्रीय डिजिटल ग्रंथालय २०१८ सालीं राष्ट्रास अर्पण झालें. गांधीनगरच्या ‘शोधगंगा’ या संग्रहांत भारतीय विद्यापीठांचे लक्षावधि प्रबंध आहेत. आपल्या तालुक्याच्या इतिहासावर किंवा आपल्या आवडत्या संतकवीवर कोणीं पीएच्. डी. केली आहे काय, हें तेथें कोणालाहि पाहतां येतें.

आपल्या ग्रंथालयांचें काय?

इतकें असूनहि एक उणीव राहतेच. आपल्या नगर वाचनालयाचें कार्ड घेऊन विद्वानांचीं नियतकालिकें वाचावीं, अशी सोय आपल्याकडे अजून सामान्य झालेली नाहीं. महाराष्ट्रानें १९६७ सालीं सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा केला; शासनमान्य ग्रंथालयांना अ, ब, क, ड अशा वर्गवारीनें अनुदान मिळतें. परंतु तें अनुदान पुस्तकें, वर्तमानपत्रें आणि सेवकांचें वेतन यांतच संपतें. केंद्र सरकारनें नोव्हेंबर २०२४ मध्यें ‘एक राष्ट्र, एक वर्गणी’ ही योजना मंजूर केली. तीन वर्षांसाठीं सहा हजार कोटी रुपये त्यासाठीं ठेविले, आणि तीस प्रकाशकांचीं सुमारें तेरा हजार नियतकालिकें १ जानेवारी २०२५ पासून सरकारी उच्च शिक्षणसंस्थांना व संशोधनसंस्थांना मिळूं लागलीं. ही गोष्ट निःसंशय अभिनंदनीय आहे. परंतु योजनेच्या या आरंभीच्या टप्प्यांत गांवचें वाचनालय नाहीं. महाविद्यालय सोडलेला शिक्षक, स्वतंत्र अभ्यास करणारी गृहिणी, खेड्यांतला जिज्ञासु शेतकरी, हे दाराबाहेरच राहतात. पैसा सर्वांचाच आहे, हें विसरून चालणार नाहीं.

डॉ. शियाळी रामामृत रंगनाथन् यांनीं १९३१ सालीं ग्रंथालयशास्त्राचीं पांच सूत्रें मांडलीं. ग्रंथ उपयोगासाठीं आहेत, हें त्यांतील पहिलें. वाचकाचा वेळ वांचवावा, हें चौथें. या दोन सूत्रांवर आपल्या वाचनालयांची परीक्षा घेतली तर काय दिसतें, हें प्रत्येक गांवच्या चालकमंडळानें स्वतःस विचारावें. एक संगणक, चांगली जोडणी आणि वर सांगितलेल्या खुल्या संग्रहांची वाट दाखवूं शकणारा एक जाणता सेवक, एवढ्यानें आरंभ होऊं शकतो. याला कोट्यवधि रुपये लागत नाहींत.

मिळालेलें टिकवावें कसें?

अमेरिकेंतील ही व्यवस्था भरभक्कम दिसत असली तरी ती अढळ नाहीं. पुस्तक विकत घेतलें कीं तें कपाटांत राहतें. संशोधनसंग्रहाची वर्गणी थांबली कीं दुसऱ्या दिवशीं दार बंद. राज्यांच्या ग्रंथालयांना केंद्राकडून जें साहाय्य मिळतें, तें १९९६ सालीं स्थापन झालेल्या एका संघसंस्थेमार्फत येतें. १४ मार्च २०२५ रोजीं राष्ट्राध्यक्षांच्या आदेशानें त्या संस्थेवर कात्री चालविण्याचें ठरलें. एप्रिलमध्यें मेन राज्याच्या ग्रंथालयाला कांहीं काळ दार लावून घ्यावें लागलें आणि सेवकहि कमी करावे लागले. पुढें अनेक राज्यें न्यायालयांत गेलीं, आणि र्‍होड आयलंड येथील संघन्यायालयानें त्यांच्या बाजूनें निर्णय दिला. यांतून घ्यावयाचा बोध स्पष्ट आहे. ज्या सोयीचा उपयोग कोणी करीत नाहीं, ती बंद पडली तर हाकाटी करावयास कोणी उरत नाहीं. वर्षाच्या शेवटीं कोणत्या संग्रहाचा किती वाचकांनीं उपयोग केला याचे आंकडे पाहूनच ग्रंथालय पुढची वर्गणी भरावी कीं नाहीं हें ठरवितें. तेव्हां आपण वाचलेला प्रत्येक निबंध हा त्या दाराच्या बाजूनें दिलेला एक कौल असतो.

म्हणून आमची वाचकांना विनंति अशी. परदेशींच्या मुलाबाळांशीं पुढच्या वेळीं बोलाल तेव्हां हवापाण्याच्या चौकशीबरोबर एवढेंहि विचारा, ‘तुमच्या गांवच्या ग्रंथालयाचें कार्ड काढलें आहे काय? आणि त्यावर कोणकोणते संग्रह मिळतात, तें पाहिलें आहे काय?’ इकडे असणाऱ्यांनीं आपल्या वाचनालयाच्या चालकांना या लेखांतील खुल्या संग्रहांचीं नांवें लिहून द्यावीं आणि तीं भिंतीवर लावण्यास सांगावें. विद्या देणारे आहेत, देण्याची व्यवस्थाहि आहे. मागणाऱ्यानें तेवढें मागावयास शिकलें पाहिजे.